नळगंगेच्या काठी एक दिवस

मी बुलढाण्याचा आहे असे सांगितले की पुण्यामुंबईचे गृहस्थ हटकून एकच प्रश्न विचारतात, "म्हणजे लोणार तुमच्याकडेच ना?" मी होय म्हणतो. मग ते आकाशातून कोसळलेल्या अशनीने काळ्या कातळात पाडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, त्यातले ते क्षाराचे पाणी, २०२० च्या जूनमध्ये ते एकाएकी गुलाबी झाले तेव्हा उडालेली धांदल, हे सारे मी कौतुकाने सांगतो. चक्रधरस्वामी लोणारला आल्याची हकिकत लीळाचरित्रात आहे, हेही वर सांगून टाकतो. मराठी शिकवणाऱ्या माणसाला एवढे भांडवल पुरते. पण खरे सांगायचे तर लोणारच्या त्या पाण्यावर गळ टाकून बसलेला माणूस मी कधी पाहिला नाही. आणि पाण्याकाठी जाऊन गळ टाकायचा नाही, तर तिथे करायचे काय, असा प्रश्न ज्याला पडतो त्या जातीचा मी माणूस आहे. म्हणून आज जे सांगणार आहे ते आमच्या जिल्ह्यातल्या दुसऱ्याच पाण्याविषयी.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. आमच्या घरात मासा शिजत नाही, पूर्वीही शिजत नव्हता. मासे धरण्याचा नाद मात्र आम्हा दोघा भावांना लहानपणी लागला, तो बुलढाण्याच्या संगम तलावावर. शाळा सुटली की दप्तरे एका मित्राच्या ओट्यावर टाकायची, वाकवलेली टाचणी, शिवणाच्या डब्यातला दोरा आणि तुराटीची काडी घेऊन तलाव गाठायचा. आमिष एकच, घरातून पळवलेली कणीक. मागच्या दाराशी परातीत कणकेचा गोळा झाकून ठेवलेला असे, त्यातला लिंबाएवढा भाग तोडून धाकटा खिशात घाली. बोटभर मासे लागत. ते पाहून झाले की पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे आणि हात घासूनपुसून घरी यायचे. आईला यातले काहीच ठाऊक नाही, अशी आमची पक्की समजूत होती.

पुढे मी इथेच महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो आणि धाकटा अमेरिकेला गेला. त्याला आता वीस वर्षे झाली. आई गेली तेव्हा त्याला येता आले नाही. कागदपत्रांची काही अडचण होती. त्यात त्याचा दोष नव्हता. पण दोष नसला म्हणून सल कमी होतो असे नाही. सहा महिन्यांनी, गेल्या डिसेंबरात तो आला, तेव्हा आमच्यात बोलण्यासारखा एकच विषय उरला होता, तो म्हणजे जुन्या घराचा. ते विकून टाकावे असे त्याचे मत. विकू नये असे माझे. चार दिवस आम्ही एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे वागलो. भावाभावांत सभ्यपणा आला की समजावे, काहीतरी बिघडले आहे.

पाचव्या दिवशी कपाट आवरताना त्याच्या सामानात मला एक चपटी डबी दिसली. मी उघडली तर आत कापसाच्या गादीवर ओळीने मांडलेले पिसांचे झुबके. पांढरे, करडे, पोपटी. काहींना चांदीच्या तारेचे अंग, काहींना डोळ्यांच्या जागी शिशाचे टपोरे मणी. प्रत्येकाच्या पोटातून मात्र एक तीक्ष्ण गळ बाहेर आलेला. "हे काय रे?" मी विचारले. चार दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. "माशा आहेत दादा. फ्लाय म्हणतात. मीच बांधल्यात."

मासा धरायला माशी! भाषेच्या माणसाला हे ऐकून गप्प राहवणे कठीण. पण ऐकत गेलो तसा मी थक्क झालो. तो राहतो अटलांटाजवळ. तिथे चॅटाहूची नदीवर १९५० च्या दशकात बांधलेल्या धरणाचा मोठा जलाशय आहे, लेक लेनियर. हे लेनियर म्हणजे त्या प्रांतातले एक कवी. कवीच्या नावाने जलाशय ओळखला जातो हे ऐकून मला हेवा वाटला. मग आठवले की आमच्या खडकपूर्णेच्या जलाशयालाही संत चोखामेळ्यांचे नाव दिले आहे. तेव्हा हिशेब बरोबरीत सुटला. त्या लेनियरमध्ये स्ट्राइप्ड बास नावाचा, अंगावर काळ्या रेघा ओढलेला मोठा मासा असतो. मूळचा तो समुद्रातला. अंडी घालायला तेवढा नदीत चढणारा. माणसाने त्याला गोड्या पाण्याच्या जलाशयात आणून सोडले. तिथे तो खातो, पितो, पोसतो. पण त्याची अंडी वाहत्या पाण्यावर तरंगत राहिली तरच जगतात, आणि तेवढे लांब वाहते पाणी तिथे नाही. म्हणून सरकारी खात्याला पिल्ले पुन्हा पुन्हा आणून सोडावी लागतात.

"थंडीत त्याला धरायची खरी मजा," धाकटा सांगत होता. "पाणी गार झालं की शॅड नावाचे छोटे मासे गारठतात, अर्धमेले होऊन लडबडतात. बास त्यांच्या झुंडींमागे असतो. समुद्रपक्षी कुठं घिरट्या घालतात ते पाहायचं, म्हणजे झुंड कुठं आहे ते कळतं. मग आपली माशी त्या शॅडएवढ्याच लांबीची हवी. पाणी नितळ असेल तर पांढरी-करडी, गढूळ असेल तर पोपटी. मासा खोल असेल तर जड डोळ्यांची, म्हणजे ती बुडते. आणि ओढायची अगदी हळू, कारण गारठलेला मासा जोरात पळत नाही. जोरात पळणारा दिसला की बासला संशय येतो."

म्हणजे नाव माशीचे आणि सोंग माशाचे! एका माशाला फसवण्यासाठी दुसऱ्या माशाच्या आजारपणाची नक्कल करायची, हा प्रकार मला थोडा क्रूर आणि पुष्कळसा साहित्यिक वाटला. मी म्हटले, "चल, नळगंगेवर जाऊ. तुझ्या माशा आमच्या माशांना दाखवू."

आमच्या जिल्ह्याचे लोक दोन प्रकारचे, घाटावरचे आणि घाटाखालचे. बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर वसले आहे. मलकापूरच्या रस्त्याला लागले की राजूर घाटाची वळणे उतरत माणूस मोताळ्याच्या सपाटीला येतो. हा घाट दिसायला मोठा नाही, पण त्याची करणी मोठी आहे. माथ्यावर पडलेल्या पावसाचे जे पाणी दक्षिणेला उतरते ते पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला, पुढे प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करून ते बंगालच्या उपसागरात जाते. जे उत्तरेला उतरते ते नळगंगेतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत, आणि तापीबरोबर पश्चिम समुद्राला. एका ढगातले दोन थेंब हातभर अंतरावर पडले तर पुन्हा त्यांची गाठ नाही. वळणावर गाडी थांबवून मी हे धाकट्याला सांगितले. तो बराच वेळ खाली पाहत राहिला आणि म्हणाला, "हे शाळेत शिकवलं होतं. तेव्हा नुसतं पाठ केलं."

नळगंगेचे धरण मातीचे, गेल्या शतकाच्या साठीत बांधलेले. सकाळी आठाच्या सुमारास आम्ही पोहोचलो तेव्हा पाण्यावर धुक्याचा पातळ पडदा होता आणि पलीकडच्या काठाला तुरीची पिवळी शेते अर्धवट दिसत होती. दूरवर ट्यूबवर बसून कोणी जाळे उचलत होते. अशा जलाशयांत मासेमारीचा हक्क सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो. तेव्हा काठावरच्या मंडळींना विचारल्याशिवाय गळ टाकणे बरे नव्हे. मी ओळखीच्या एका म्हाताऱ्या बाबांकडे गेलो. भोई समाजातले, वय सत्तरीच्या पुढे, नदीच्या काठावरच जन्मलेले. धरण बांधले गेले तेव्हा ते लहान पोर होते. शेकोटीशी बसून जाळ्याची भोके सांधत होते.

इथे वाचकांना एक सूचना. आमच्या वऱ्हाडात 'ळ' चा 'य' होतो. मासोळीची मासोयी होते आणि गळाचा गय होतो. विद्यापीठात मी या उच्चारावर व्याख्यान देतो. काठावर मात्र ऐकून घेतो.

धाकट्याने डबी पुढे केली. बाबांनी एक पांढरी माशी चिमटीत धरून उजेडात पाहिली, फुंकर मारून तिची पिसे हलवली, आणि गंभीरपणे म्हणाले, "मोठं नाजूक काम हाये. हे कोन्त्या मासोयीसाठी व्हय?"

धाकट्याने बासचे सगळे आख्यान सांगितले. बाबा मधून मधून मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "बराबर हाये. तिथं जे पान्यात फिरते तेच तुम्ही बनोलं. पन साहेब, इथची मासोयी कोनाच्या मांगं पयत नाई. तिले घरपोच द्या लागते."

तरी पण पाहुण्याचा मान म्हणून त्यांनी जागा दाखवली. धाकट्याने लांब लवलवती काठी जोडली आणि दोरीचे वेटोळे डोक्यावरून मागे-पुढे खेळवत माशी दूर पाण्यावर अलगद उतरवली. दोरी हवेत असताना ती जी वळणे घेत होती, ती पाहण्यासारखी होती. गुराखी पोरे जमली. दोन तास हा खेळ चालला. जड माशी झाली, हलकी झाली, पांढरी झाली, पोपटी झाली. खोल झाली, उथळ झाली. माशाने म्हणून ढुंकून पाहिले नाही. एका खंड्याने मात्र दोनदा चौकशी केली.

तोवर ऊन चढले. बाबा काठाशी येऊन बसले, आणि त्यांनी जे सांगितले ते ऐकताना मला आमच्या क्रमिक पुस्तकांची लाज वाटली. जलाशय म्हणजे त्यांच्या लेखी तीन मजल्यांचा वाडा. वरच्या मजल्यावर कटला. त्याचे तोंड वर वळलेले, म्हणून तो वरचे वर टिपतो. मधल्या मजल्यावर रोहू. तळमजल्यावर मृगळ, त्याचे तोंड खाली, तो चिखल चाचपत फिरतो. कटल्याला गोळी हलकी आणि भुसभुशीत, पाण्यात पडताच फुटून पसरणारी. मृगळाला जड, सरकीची ढेप घालून मळलेली, तळाशी बसणारी. रोहूला मधली; घट्ट, पण दगड नव्हे. हे झाले खवल्यांचे, शाकाहारी म्हणावेत असे मासे. वांबीला गांडूळच पाहिजे. ती दगडाच्या कपारीत राहते आणि रात्री निघते. शिंगटीला झिंगा नाहीतर कोंबडीची आतडी. तिला वास लागतो. आणि मरळीला जिवंत बेडकुळी.

"अन् थंडीत?" मी विचारले.

"थंडीत समद्याइची भूक मरते. सकायी कोनी तोंड उघडत नाई. उन्हानं काठचं पानी कोमट झालं की रोहू वर येते. तवा तिले लहान घास द्याचा. बोराएवढा. मोठा देल्ला तर सुंगते अन् निंघून जाते." मग धाकट्याच्या माशीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हे मरयीचं काम हाये. पन आता मरय गवतात निजून हाये. आखाडात या."

मी विचारले की रोहू-कटला हे नदीत पूर्वीपासून होते का. बाबा हसले. धरणाआधी त्यांनी ती नावेही ऐकली नव्हती. आणि ते खरेच आहे. हे मासे गंगेच्या खोऱ्यातले. पूर्वी त्यांची पिल्ले कलकत्त्याकडून आणावी लागत, कारण साठलेल्या पाण्यात हे मासे सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांचे सहकारी अलीकुन्ही यांनी माशाच्याच मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना माणसाच्या देखरेखीखाली अंडी घालायला लावली. त्या दिवसापासून मत्स्यबीज गावोगाव मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. आज आपल्या धरणाधरणांतून जो रोहू निघतो तो त्या एका दिवसाचा ऋणी आहे.

हे ऐकून धाकटा म्हणाला, "म्हणजे हाही वसवलेलाच. आमच्या बाससारखा." आणि किंचित थांबून, "आमच्यासारखा."

त्यावर काय बोलावे हे मला सुचले नाही. म्हणून शिक्षक जे करतो तेच मी केले. ग्रंथाचा आधार शोधला. मराठीचे प्राचीन पुरावे शिकवताना दरवर्षी मी वर्गात मानसोल्लासाचे नाव घेतो. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर, त्याचा हा शके १०५१ चा, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमाराचा संस्कृत ग्रंथ. त्याच्या संगीतावरील भागात मराठीच्या काही ओळी आल्या आहेत, आणि त्यांतली सुरुवात आहे मत्स्यावताराने. माशाचे रूप घेऊन पाताळातून वेद आणणाऱ्या विष्णूच्या स्तुतीने. ही ओळ मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. पण त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे, हे मला माहीत असूनही मी ते कधी उघडून पाहिले नव्हते. आदल्या रात्री, धाकट्याची डबी पाहून झाल्यावर, बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतली श्रीगोंदेकरांनी संपादलेली प्रत काढली आणि वाचत बसलो. राजाने गळाने मासे कसे धरावेत याचे ते शास्त्र! समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते आणि बिनखवल्यांचे कोणते, आणि त्यांना काय काय चारावे, याचा बारकाईने विचार. नऊशे वर्षांपूर्वीचा राजा आणि मोताळ्याचे हे बाबा यांची गाठ पडती, तर दोघे एका शेकोटीशी सहज रात्र काढते. राजाने जे संस्कृतात मांडले तेच बाबांनी वऱ्हाडीत सांगितले. पोथीचे तेवढे ग्रंथालय झाले, बाबांच्या डोक्याचे मात्र झाले नाही. त्यांचा मुलगा मलकापूरला नोकरी करतो आणि नातू मोबाइल दुरुस्त करतो. "त्याईले याची काई गरज नाई," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला ते अधिक लागले.

बारा वाजले. पाणी कोमट झाले असावे, कारण काठच्या गवताजवळ एकदोन भोवरे उठू लागले. बाबा म्हणाले, "कनीक हाये का?" त्यांच्याजवळचा ढेपेचा गोळा मृगळासाठी होता. आम्ही डबा सोडला. वर पोळ्या, भाजी, लसणाची चटणी. सगळ्यात खालच्या पुडात काय आहे म्हणून पाहिले, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला मळलेल्या कणकेचा घट्ट गोळा, लिंबाएवढा.

मी तिथूनच सौभाग्यवतीला फोन लावला. "कणीक कशासाठी दिलीस?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. शेवटच्या वर्षी, अंथरुणावर होत्या तेव्हा. म्हणाल्या, ते दोघं भाऊ एकत्र पाण्यावर निघाले की एक गोळा वेगळा मळून दे. चमचाभर बेसन आणि चिमूटभर हिंग घाल, घट्ट मळ, म्हणजे पाण्यात लवकर विरघळत नाही. ते मागणार नाहीत, म्हणाल्या, आपणच ठेवायचा."

आईचे माहेर पूर्णाकाठचे. मामा मोठे गळकरी होते, हे आम्हाला माहीत होते. पण आईला गळाची कणीक कशी मळावी हे ठाऊक असेल, असे कधी मनात आले नाही. मागच्या दाराशी परातीत झाकलेला तो गोळा! पोळ्यांची कणीक नेहमी स्वयंपाकघरात असे. मग हा एकच गोळा मागच्या दाराशी, आमच्या हाताला लागेल असा, रोज कोण ठेवत होते? आणि त्याला हिंगाचा वास का येत होता? तीस वर्षांत हा साधा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही. आम्ही चोरी केली असे समजत होतो. ती वाढलेली होती.

मी धाकट्याला हे सांगितले. त्याने फडके सोडले, गोळा नाकाशी नेला, आणि पाण्याकडे पाठ करून बराच वेळ उभा राहिला. बाबांनी शहाणपणाने आपले जाळे ओढून घेतले आणि ते सांधू लागले. मी तिथेच दगडावर बसून राहिलो. भावाचे रडणे भावाने पाहायचे नसते, आणि सोडून जायचेही नसते.

मग त्याने आपल्या भारी काठीला साधा गळ बांधला, बोराएवढी गोळी लावली आणि बाबांनी दाखवलेल्या गवताच्या कडेला टाकली. पहिली गोळी कोणी अलगद सोडवून नेली. दुसरीही गेली. बाबा म्हणाले, "घाई करू नोका. आंधी सुंगू द्या. दोरी चालली की मंग." तिसऱ्या वेळी दोरी चालली. काठी वाकली, धाकटा ओरडला, पोरे ओरडली, मी महाविद्यालयातला प्राध्यापक आहे हे विसरून मीही ओरडलो. पाच मिनिटांच्या झटापटीनंतर तांबूस परांचा एक रोहू काठाशी आला. उन्हात त्याचे खवले तांब्याच्या भांड्यासारखे चमकत होते.

आता याचे काय करायचे? सोडून द्यावा असे आमच्या दोघांच्याही मनात होते. आम्ही काही बोलण्याआधीच बाबांनी तो हातात तोलला, "दीड किलो भरन," म्हणाले, आणि त्याच्या कल्ल्यातून दोरी ओवली. मासा त्यांच्या संस्थेचा, पाणी त्यांचे, घरी खाणारी तोंडे त्यांची. आमच्या हळवेपणाची किंमत त्यांनी का द्यावी? धाकटा हसला. तो हसला हे पाहून मला त्या माशाबद्दल वाटायला हवे होते तेवढे वाईट वाटले नाही.

निघताना मी बाबांना सांगितले की वैनगंगेचे पाणी गोसीखुर्दापासून सव्वाचारशे किलोमीटरच्या कालव्यांनी या नळगंगेत आणण्याची योजना राज्य सरकारने मंजूर केली आहे. ते पाणी आले, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातले थेंब तापीच्या खोऱ्यात येतील. राजूर घाटाने केलेली फाटाफूट माणूस थोडीफार सांधील. बाबांनी विचार केला. "पानी येईन तवा येईन. त्याच्यासंगं तिकडची मासोयी आली, तर तिले काय आवडते ते पुन्हा शिका लागन."

धाकट्याने डबीतली ती पहिली पांढरी माशी बाबांना दिली. त्यांनी ती टोपीच्या काठात खोचली. परतताना घाटात, सकाळी थांबलो होतो त्याच वळणावर, धाकटा म्हणाला, "दादा, घराचं पुढच्या वर्षी पाहू." विकायचे नाही असे तो म्हणाला नाही. मीही तसे वदवून घेतले नाही. थंडीत लहान घास द्यायचा असतो.

यंदाच्या आषाढात, आईचे वर्षश्राद्ध होऊन आठ दिवस झाले असतील, बाबांच्या नातवाने फोन लावून दिला. बाबा सांगत होते की काठच्या गवतात मरळ दिसली, म्हणून त्यांनी ती अमेरिकेची माशी दोरीला बांधून टाकली. पाण्याला लागते न लागते तोच मरळीने झडप घातली. "तुमच्या भावाले सांगजा, पख कामाचे हायेत."

"केवढी होती?" मी विचारले.

"होती मोठी. पन सोडली. पिल्लाइवर होती." पिल्लांचा लालसर थवा पाण्यात असतो तेव्हा मरळीची जोडी त्याच्याभोवती पहारा करते, आणि जवळ येईल त्यावर तुटून पडते. बाबा पुढे म्हणाले, "ते काई भुकेनं नोती आली, मास्तर. पिल्लासाठी आली होती. तशी मासोयी धरत नसतात."

मी हे धाकट्याला कळवले. यंदा तो दिवाळीला येतो आहे. सौभाग्यवतीने बेसन आणि हिंग वेगळे काढून ठेवले आहे. मी पाहिले, पण पाहिल्याचे तिला सांगितले नाही.